दर चाळीस पावलांवर बाण

माझे दाजी, म्हणजे थोरल्या बहिणीचे यजमान, गेली एकतीस वर्षं उलटे चालत आले आहेत. ही टीका नाही, त्यांचा पेशाच तो आहे. शहराच्या रस्ते खात्यात ते पट्टे मारतात. मधली तुटक रेघ, कडेची सलग रेघ, शाळेसमोरचे पांढरे पट्टे, चौकातले वळणाचे बाण, हे सगळं कोणीतरी वाकून काढलेलं असतं, हे आपल्या गावीही नसतं. तो कोणीतरी माझ्या बहिणीने नवरा म्हणून पसंत केला.

ओल्या रंगावर आपलाच पाय पडू नये म्हणून हे काम मागे सरकत करायचं असतं. बाण काढायचा तर आधी टोक, मग दांडा, मग शेपूट, आणि माणूस मागे, मागे, मागे. त्यामुळे रस्त्याचं काम शेवटाकडून सुरू होतं आणि सुरुवातीला येऊन संपतं. यात काही विचित्र आहे असं दाजींना वाटत नाही. गँगमधले लोक त्यांना रिव्हर्सकाका म्हणतात. घरीसुद्धा ते स्वयंपाकघरातून चहाचा कप घेऊन मागे सरकतच बाहेर येतात आणि नेमके खुर्चीत बसतात. साहेबांच्या केबिनमधून ते असेच बाहेर पडतात. हा माणूस आपला किती मान ठेवतो, असं साहेबांना वाटतं, आणि त्या जोरावर दाजींना दोनदा उत्तम शेरा मिळालेला आहे.

दुसरी गोष्ट म्हणजे रस्ते रविवारी रिकामे असतात, म्हणून पट्टे रविवारीच मारायचे. ताईने लग्नानंतर एकही रविवार नवऱ्याबरोबर घालवलेला नाही. एकदा रजा काढून तिला समुद्रकिनारी नेलं होतं म्हणे. तिथे दाजी पाठीमागे समुद्र ठेवून तासभर किनाऱ्यावरच्या रस्त्याची रेघ बघत बसले. कोणीतरी ती दोन बोटं वाकडी मारली होती. ताई अजूनही म्हणते, "समुद्र छान होता म्हणतात."

ताई अशी बोलते, यावरून तिचा स्वभाव कळेल. ती पोस्टाच्या काउंटरवर होती आणि तिच्या खिडकीसमोर मोठमोठे वकील हातात सुटे पैसे तयार ठेवून उभे राहत. पिनकोड विसरलेल्या माणसाला ती ज्या नजरेने बघे, ती नजर लहानपणापासून माझ्या ओळखीची होती. घाबरणं हा प्रकार तिच्या खात्यात नव्हताच.

चौदा महिन्यांपूर्वी ऑफिसातून घरी येताना ती भर रस्त्यात कोसळली. हृदयाचा झटका. भोवती गर्दी जमली, आणि गर्दीतल्या प्रत्येकाने तिला वारा मिळावा म्हणून आणखी जवळ येऊन पाहिलं. कोणा भल्या माणसाने गाडी थांबवली म्हणून ती वाचली. ऑपरेशन झालं, टाके वाळले, आणि त्यानंतर ताईने घराचा उंबरा ओलांडणं बंद केलं. तपासणीच्या दिवशी दाजी एका बाजूने आणि मी दुसऱ्या बाजूने धरून तिला गाडीत घालत असू, आणि ती डोळे मिटून बसे. घरात एकटीने राहायलाही ती तयार नव्हती. इतर दिवशी शेजारीण येऊन बसे आणि दाजी काम लवकर आटोपून येत, पण रविवार माझ्याकडे आला. माझं चष्म्याचं दुकान रविवारी बंद असतं, आणि बायको म्हणाली, तसंही तुम्ही घरी काय उजेड पाडता. तेव्हापासून दर रविवारी सकाळी सहा वाजता मी ताईच्या घरी हजर होऊन दाराजवळच्या वेताच्या खुर्चीत बसू लागलो.

डॉक्टर स्पष्ट बोलणारे होते. "हृदय दुरुस्त झालंय, राहिली आहे ती भीती. यांना बाहेर काढा, चढावर चालवा, झाडाखाली बसवा. आणखी एक वर्ष अशाच बसल्या तर भीती मुरेल, आणि मग हृदयही परत कुरकुरायला लागेल." इतकं सोपं. फी घेताना त्यांनी हसून शुभेच्छाही दिल्या.

त्याच सुमारास उद्यान खात्याला निसर्गाचा शोध लागला. शहर संपतं तिथे, भंगार गाड्यांच्या मैदानापलीकडे, एक टेकडी आहे. ती तिथे काही हजार वर्षं होती, पण कोणाच्या लक्षात आली नव्हती. आता तिच्यावर शहरातल्या थकल्याभागल्या नागरिकांसाठी 'निवांत निसर्गवाट' करायचं ठरलं. पायथ्याशी गाड्या लावायला जागा झाली, स्वच्छतागृह झालं आणि 'शांतता राखा' असा मोठा फलक लागला. तो फलक ठोकायला दोन दिवस कॉम्प्रेसर चालू होता, आणि उरलेसुरले पक्षी तेव्हाच निवांत जागा शोधायला निघून गेले. राहिले होते फक्त वाट दाखवणारे बाण. बाण म्हटल्यावर रस्ते खात्याकडे मागणी गेली आणि रस्ते खात्याने दाजींना उसनं दिलं.

हुकूम होता दर शंभर मीटरवर एक बाण. दाजींनी तो वाचला, घडी घालून खिशात ठेवला आणि पुढच्या रविवारी मी पाहिलं तर ते घरीच. आठवडाभर रजा घेतली होती. हातात वर्तमानपत्र, कानावर पेन्सिल. ताई स्वयंपाकघराच्या खिडकीपासून पुढच्या दारापर्यंत फेऱ्या मारत होती. तेवढंच तिचं चालणं. मधेच थांबून ती भिंतीला हात लावी, श्वास घेई, पुन्हा निघे. ती थांबली की दाजी पेपराच्या कडेला काहीतरी लिहीत. मला वाटलं, शब्दकोडं सोडवतायत. मी वाकून बघितलं तर नुसते आकडे. त्रेपन्न, एकसष्ट, अठ्ठेचाळीस, चाळीस.

"दाजी, हे काय?"

"हळू बोला, मेहुणे." त्यांनी पेपर दुमडला. "सगळ्यात वाईट दिवशी चाळीस. चाळीसच्या खाली एकदाही नाही."

मग ते कुजबुजत म्हणाले, की टेकडीवर चाळीस पावलांवर एक बाण काढणार. म्हणजे कुठेही उभं राहिलं तरी पुढचा बाण ताईच्या एका दमाच्या आत. बाणाशेजारी बसायला दगड असेल अशीच जागा बघणार. हे मात्र तिला सांगायचं नाही, कारण आपल्यासाठी कोणी पावलं मोजतंय हे कळलं तर ती जागची हलायची नाही. मी म्हणालो, "आणि साहेबांनी विचारलं, एवढे बाण कशाला?" दाजी म्हणाले, "नागरिक फार लवकर हरवतात म्हणून सांगीन."

मग आठ दिवस दाजी टेकडीवर. रस्त्यावर काम करताना त्यांच्या पाठीमागे लक्ष ठेवायला एक माणूस असतो, "काका, खड्डा", "काका, मॅनहोल" असं ओरडायला. उद्यान खात्याच्या मते निसर्गात खड्डे नसतात, त्यामुळे माणूस मिळाला नाही. दाजी दोनदा पडले आणि एकदा काटेरी झुडपात व्यवस्थित बसले. ताईने चिमट्याने काटे काढताना विचारलं, "डोंगर पाठीने चढणारा तुमच्याशिवाय दुसरा कोणी आहे का जगात?" दाजी म्हणाले, "ओला रंग पुढे असतो ना." संध्याकाळी ते टेकडी उतरताना बाण कसे दिसतात ते बघत येत आणि घरी येऊन सांगत, "असे रेखीव आलेत, की बघतच राहावं." मोबाइलवर फोटो काढून साहेबांना पाठवत होते. साहेबांनी खुर्चीतून न उठता बाणांची पाहणी केली आणि 'टोके उत्तम' असा शेरा मारला.

इकडे ताईला राजी करणं चाललं होतं. दाजी रोज म्हणत, "एकदा फक्त बघून ये." ताई म्हणे, "बघू." तिच्या 'बघू'चा अर्थ पोस्टाच्या सगळ्या गिऱ्हाइकांना माहीत होता. शेवटी उद्घाटनाच्या आदल्या दिवशी ती म्हणाली, "टॅक्सीतून येईन. पण उतरणार नाही. तुमचं काम लांबून बघीन आणि परत." दाजींनी मान डोलावली आणि मागे सरकत स्वयंपाकघरात गेले. मी आत गेलो तर ते नळ सोडून नुसतेच उभे होते. "हे चुकलं तर ती पुन्हा कधी यायची नाही," ते म्हणाले.

उद्घाटनाला साठेक नागरिक जमले होते. सगळे शहराच्या धकाधकीला कंटाळलेले, त्यामुळे आपापल्या गाड्या घेऊन एकटे-एकटे आले होते. आराम करण्यासाठी लागणारं सामान भरपूर होतं: काठ्या, टोप्या, पाठीवर नळी लावलेल्या पाण्याच्या पिशव्या, मनगटावर ठोके मोजणारी घड्याळं. त्यांच्या पदभ्रमण मंडळाच्या प्रमुख बाई गळ्यात शिट्टी घालून आल्या होत्या. "सगळ्यांनी सैल व्हा!" असं ओरडून त्या शिट्टी वाजवत आणि साठ माणसं दचकून सैल होत. साहेबांनी मौनाचं महत्त्व या विषयावर लाउडस्पीकरवरून पाऊण तास भाषण केलं. मग फीत कापली.

ताई टॅक्सीत बसली होती. दार उघडं, पाय आत. दाजींनी स्वच्छ शर्ट घातला होता आणि नखांतला पांढरा रंग नेहमीप्रमाणे तसाच होता.

शिट्टी वाजली, मंडळी पहिल्या बाणापाशी पोचली आणि थांबली. बाण सरळ गाड्यांकडे दाखवत होता.

नागरिक शिस्तीचे. ते वळले आणि गाड्यांच्या रांगांमधून चालत स्वच्छतागृहापर्यंत गेले. तिथे पुढचा बाण दिसेना. काहीजण आत जाऊन आले. कोणीतरी वर बोट दाखवलं, वरच्या खडकावर दुसरा बाण दिसत होता, तो पहिल्याकडे दाखवत होता. त्याच्यावरचा तिसरा दुसऱ्याकडे. शिट्टीवाल्या बाई क्षणभर गडबडल्या, पण माणसं पुढे नेण्याची सवय असलेल्या बाई त्या. "यात अर्थ आहे," त्या म्हणाल्या. "निसर्ग सांगतोय, आधी स्वतःकडे वळा!" दोघांनी डोळे मिटले. एकाने वहीत लिहून घेतलं.

माझ्या डोक्यात तेव्हा प्रकाश पडला आणि मी दाजींकडे पाहिलं. त्यांचा चेहरा रंगाच्या डब्यासारखा पांढराफटक झाला होता. रस्त्यावर ते शेवटाकडून सुरुवातीला येतात. इथे जीपने त्यांना पायथ्याशी सोडलं आणि हातांनी मात्र नेहमीचंच केलं: आधी टोक, मग शेपूट, आणि माणूस मागे, मागे, टेकडीच्या माथ्यापर्यंत. चढताना रोज तोंड खालीच, आणि उतरताना बघितलं तेव्हा सगळे बाण उतरणाऱ्या माणसाला बरोबर वाट दाखवत होते, मग चूक दिसणार कशी? एकतीस वर्षांत त्यांची एक रेघ कोणी पुसायला लावली नव्हती. आता एका दमात अख्खी टेकडी चुकली.

साहेबांनी साठ माणसांदेखत चांगला तासभर त्यांची खरडपट्टी काढली. "टोक कुठे आणि शेपूट कुठे, एवढं कळत नाही? एकतीस वर्षं काय केलंत?" तेही लाउडस्पीकर चालू असताना. फोटो पास केलेत कोणी, हे मी विचारणार होतो, पण खरं सांगायचं तर विचारलं नाही. मी बघत उभा राहिलो. थोडी गंमतही वाटत होती, आणि त्याची आज लाज वाटते. दाजी खाली मान घालून "चुकलं साहेब, बदलून देतो" म्हणत होते. बोलता बोलता त्यांची नजर टॅक्सीकडे गेली आणि ते वाक्य मधेच सोडून पळत सुटले.

टॅक्सी रिकामी होती. ड्रायव्हर डुलक्या घेत होता. स्वच्छतागृहात नाही, गाड्यांमध्ये नाही. दाजींनी टेकडीकडे बघितलं आणि चढायला लागले, सरळ, तोंड पुढे करून. मी मागोमाग. माझं वजन आणि माझा व्यवसाय दोन्ही बैठे. दहाव्या बाणाला माझ्या छातीत कळ आली आणि मनात आलं ते इतकं वाईट होतं की मी ते मोठ्याने बोललो नाही. ताई कुठेतरी आडवी पडलेली, भोवती कोणीच नाही, गर्दीसुद्धा नाही. विसावा बाण, तिसावा. प्रत्येक बाण खाली दाखवत होता. दाजी तिच्या नावाने हाका मारत होते आणि मधेच त्यांचा आवाज चिरकत होता.

शेहेचाळिसाव्या बाणापाशी ती एका दगडावर बसली होती. चेहरा लाल, केस विस्कटलेले, पदराने मान पुसत होती.

"ओरडू नका," ताई म्हणाली. "खाली फलक लावलाय ना, शांतता राखा म्हणून."

दाजी तिच्यासमोर उभे राहिले. त्यांना दम लागला होता, बोलता येईना. मी विचारलं, "अगं, तू उतरलीस कशाला?"

"तो साहेब यांना बोलत होता ना, त्याला चार शब्द सुनवायला उतरले. पण तिथे एवढी माणसं. माझे हातपाय गार पडले. म्हणून पाठ फिरवली आणि जिकडे कोणी नाही तिकडे चालायला लागले." ती थांबली. "पहिल्या बाणापाशी छाती धडधडायला लागली. म्हटलं, संपलं. तर बाण टॅक्सीकडे दाखवत होता. म्हटलं, चला, गाडी कुठे आहे ते तर कळतंय. पुढच्या बाणापर्यंत गेले. तिथूनही कळत होतं. मग त्याच्या पुढच्या."

दाजींनी वळून खालच्या बाणाकडे बघितलं.

"त्या दिवशी रस्त्यावर पडले ना," ती खाली बघत म्हणाली, "तेव्हा एवढी तोंडं माझ्यावर वाकली होती, की घर कोणत्या बाजूला तेच मला कळेना. बावीस वर्षांचा रोजचा रस्ता, आणि घर कुठे ते आठवेना. मला मरणाची भीती नाही वाटत रे. मला त्याची वाटते."

चौदा महिने मी तिच्यासमोर त्या वेताच्या खुर्चीत बसलो. पेपर वाचला, टीव्ही बघितला, तिला विनोद सांगितले. नेमकी कशाची भीती वाटते, हे मी एकदाही विचारलं नव्हतं. मला वाटायचं, मला माहीत आहे.

दाजींना आता श्वास सापडला होता. त्यांनी घसा साफ केला आणि आयुष्यात प्रथमच धडधडीत थाप मारली. "तुझ्यासाठीच तसे काढलेत मी. मुद्दाम."

"खोटं बोलू नका," ताई म्हणाली. "सवयीने काढलेत. काटे मी काढलेत तुमचे, मला माहीत आहे तुम्ही कसे चढलात."

दाजींनी मान खाली घातली.

"पण अंतर कोणी ठरवलं?" ताईने विचारलं. "दर वेळी दम लागला की बाण समोर, बाणाशेजारी दगड. मी मोजलं. चाळीस पावलं. एकदाही एकेचाळीस नाही."

"ते मोजून काढलंय," दाजी म्हणाले. ते तिच्या शेजारी दगडावर बसले आणि शर्टाच्या बाहीने तोंड पुसत राहिले. ताईने त्यांच्याकडे बघितलं नाही, पण थोडी सरकून जागा केली. मी पुढच्या बाणापर्यंत जाऊन येतो असं सांगून तिथून सटकलो. चाळीस पावलांत मला तीनदा थांबावं लागलं, तेव्हा ते बाण माझ्या मापाचे नव्हते हे नक्की.

मंगळवारी लेखी हुकूम आला. सर्व बाण पुसून योग्य दिशेने काढावेत, आणि या वेळी शंभर मीटरवर. दाजी साहेबांच्या केबिनमध्ये गेले आणि म्हणाले, दिशा बदलतो, अंतर बदलणार नाही. साहेब म्हणाले, का? दाजी म्हणाले, नागरिक फार लवकर हरवतात. आणि म्हणे ते केबिनमधून पाठ फिरवून, सरळ चालत बाहेर आले. साहेबांना फार अपमान वाटला. यंदा उत्तम शेरा मिळणार नाही हे उघड आहे.

मला काळजी वेगळीच होती. बाण सरळ झाले की सगळे वर दाखवणार. ताईला घराची दिशा दाखवणारं टेकडीवर काही उरणार नाही. ती पुन्हा खिडकी ते दार करत बसेल, आणि डॉक्टरांचं ते एक वर्ष असंच सरेल. रविवारी सहा वाजता मी पोचलो तो हे कसं बोलायचं याची मनात जुळवाजुळव करतच.

दार उघडंच होतं. दाजी रंगाचे डबे बाहेर काढत होते. ताई माझ्या खुर्चीत बसून बुटाच्या नाड्या बांधत होती.

"तू कुठे?" मी विचारलं.

"यांच्याबरोबर. पाठीमागे बघायला माणूस नको का? मागच्या वेळी काट्यात बसले."

"ताई, पण बाण..." मी चाचरत म्हणालो. "आज ते सगळे उलटे करणार. म्हणजे सरळ. मग उतरताना तुला घराकडे कोण दाखवणार?"

तिने दुसऱ्या बुटाची गाठ घट्ट केली आणि पोस्टाच्या खिडकीतून बघायची तसं माझ्याकडे बघितलं. किती दिवसांनी ती नजर माझ्या वाट्याला आली होती.

"उतरायला बाण कशाला लागतो?" ती म्हणाली. "उतार असतो की."

ती उठली. दाराशी आली तेव्हा तिने चौकट धरली. बोटं पांढरी होईपर्यंत धरली. दाजी जिन्यात दोन पायऱ्या खाली डबे घेऊन उभे होते, वर बघत. मग तिने चौकट सोडली, कठडा धरला आणि एकेक पायरी उतरायला लागली. वळणावरून तिचा आवाज आला, "चहाचं सामान ओट्यावर आहे. जाताना दार नीट ओढून घे."

त्यांची पावलं खालपर्यंत ऐकू येत राहिली. मग टॅक्सीचं दार लागलं. मी वेताच्या खुर्चीत बसलो. मला फार आनंद झाला होता, हे इथे कबूल करतो, एरवी असलं काही मी कबूल करत नाही. चौदा महिन्यांनी मला रविवार मोकळा मिळाला होता, आणि त्याचं काय करायचं ते काही केल्या सुचेना.